सिस्टर का सोडून जातात: नाशिकच्या रुग्णालय-चालकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरातल्या खासगी रुग्णालयांचे संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि मेट्रन,

सप्रेम नमस्कार.

मी याच शहरातल्या एका खासगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका इमारतीपुरतं नाही. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत आणि पंचवटीपासून नाशिक रोडपर्यंत कुठेही जा, रिसेप्शनच्या काचेवर ‘स्टाफ नर्स पाहिजेत’ असा कागद दिसतो. मुली येतात, वॉर्डात हात बसेपर्यंत सहा-आठ महिने जातात आणि तेवढ्यात राजीनामा येतो. मग मीटिंगमध्ये आपण म्हणता, “आजकालच्या मुली टिकत नाहीत.”

राजीनाम्याच्या अर्जावर बहुतेक वेळा एकच कारण असतं: घरगुती अडचण. एचआर तो अर्ज फाइलला लावतं आणि विषय संपतो. त्याच मुली जाताना चेंजिंग रूममध्ये माझ्याशी जे बोलतात, ते त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, आम्हाला शिकवलं तसं काम इथे नीट करता येत नाही, आणि करता येत नाही हे बोलायचीही सोय नाही. नर्सला समाधान कशात मिळतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, ड्युटी संपताना ‘माझ्या रुग्णांचं आज नीट झालं’ असं मनाला वाटण्यात. आपल्या रुग्णालयांतली रीतभात ते वाटू देत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

पगाराचं आधी बोलून घेते, कारण पगार बाजूला ठेवून कार्यसंस्कृतीवर व्याख्यानं देणाऱ्यांवर आम्हा नर्सेसचा विश्वास नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिने खासगी रुग्णालयांसाठी स्पष्ट माप घालून दिलं. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. १०० च्या वर खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला २० हजारांच्या खाली नाही. आपल्याकडे खाटा किती आहेत ते आपल्याला माहीत आहे, पगारपत्रकही आपल्याच टेबलावर असतं. एकदा ताडून पाहा. यापुढे मी जे लिहिते आहे ते या हिशोबाच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे.

आता पगार सारखा असताना काय होतं ते सांगते. आमच्याकडे दोन वॉर्ड आहेत, एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. खाटा जवळपास सारख्या, पगार तोच, कँटीन तेच, अंगठा लावायचं मशीनही तेच. खालच्या वॉर्डातून मुली सतत बदली मागतात. वरच्या वॉर्डात मात्र कधी जागा निघते याची वाट बघणाऱ्या आहेत. वरचं काम हलकं आहे म्हणावं तर तेही नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे रुग्ण, प्रत्येकाला दोन-दोन ड्रेन, म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या, ड्रेसिंग, तासातासाला बीपी. पाय दुखायचे ते तिथेही दुखतातच.

फरक सकाळच्या राउंडला दिसतो. वरच्या वॉर्डातले सर्जन बेडपाशी आले की फाइल उघडायच्या आधी ड्युटीवरच्या सिस्टरकडे वळतात. “सिस्टर, रात्र कशी गेली? तुम्हाला काय वाटतंय?” ती सांगते, ड्रेन पहाटेपासून गढूळ येतोय, आजोबा दोनदा उठून बसले, मुलगा म्हणतो असंबद्ध बोलत होते. ते ऐकून घेतात, मग पोटाला हात लावतात. तिचा अंदाज चुकला असेल तर का चुकला ते तिथेच समजावून सांगतात, आवाज न चढवता. दुसरं काही विशेष ते करत नाहीत. पण त्या वॉर्डातली नवी मुलगी महिन्याभरात रुग्णाकडे बघायला शिकते, कारण सकाळी आपल्याला विचारलं जाणार हे तिला माहीत असतं.

खालच्या वॉर्डातलीही एक रात्र सांगते. एका बाईंच्या युरिन बॅगमध्ये अकरापासून फारसं काही जमत नव्हतं. दोनला सिस्टरने बॅग रिकामी करून मापलं, तीन तासांत ४० मिली. मोठ्या माणसाला तासाला निदान ३० मिलीच्या आसपास लघवी व्हायला हवी, हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलेलं. तिने नळी कुठे दुमडली आहे का पाहिलं, बीपी घेतलं, आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावला. उत्तर आलं, “सलाईन चालू आहे ना? सकाळी राउंडला बघू.” तीनला पुन्हा फोन. या वेळी, “किती वेळा सांगायचं?” तिने फाइलला लिहिलं ‘आरएमओ यांना कळवले’ आणि वेळ टाकली. कन्सल्टंट सरांना, म्हणजे त्या बाईंच्या मुख्य डॉक्टरांना, थेट फोन करू का, असं तिने सोबतच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, “नको बाई, मागच्या वेळी मला केवढं ऐकवलं होतं.” सकाळी आठला तिची ड्युटी संपली, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, देऊन झालं, तरी तिला राउंडसाठी थांबवून ठेवलं. नातेवाइकांच्या देखत तिला विचारण्यात आलं, “रात्रभर झोपा काढत होतात का?” ती गप्प राहिली. आरएमओ बाजूलाच उभे होते, तेही गप्प राहिले.

त्या बाई पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. सिस्टर महिना भरायच्या आत गेली. अर्जावर कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण.

या मुलीने काय करायला हवं होतं, हे मला आपल्यापैकी कुणीतरी सांगावं. तिने बघितलं, मापलं, कळवलं, पुन्हा कळवलं, लिहून ठेवलं. पुस्तकात जे जे आहे ते केलं. आणि नेमकं तेच केल्यावर तिला बोलणी खावी लागली. अशा जागी चांगली नर्स दोनच गोष्टी करू शकते. एक तर निघून जायचं, नाहीतर बघणं थांबवायचं, म्हणजे चार्टमध्ये आधीच्या आकड्याखाली तोच आकडा ओढायचा आणि सकाळ होऊ द्यायची. तुम्ही ‘टिकत नाहीत’ म्हणता त्या पहिल्या प्रकारच्या. दुसऱ्या टिकतात. रुग्णाच्या दृष्टीने त्यांचं टिकणं जास्त महागात पडतं.

हे एकट्या नाशिकचं दुखणं नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा पडला होता. तेव्हा तिथल्या नर्सिंगच्या अकादमीने उलटा प्रश्न विचारला: नर्सेस जिथून जात नाहीत अशी रुग्णालयं कोणती, आणि तिथे वेगळं काय आहे? १९८३ मध्ये अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या गोष्टी वाचल्या की आमचा वरचा वॉर्ड डोळ्यांसमोर येतो. वॉर्डाच्या निर्णयांत नर्सला आवाज, तिची बाजू घेणारी इन्चार्ज, डॉक्टरांशी सहकाऱ्याचं नातं, हाताशी पुरेशी माणसं, शिकायची संधी. पुढे नर्सच्या कामाचं वातावरण मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरात आली तीही याच अंगांनी विचारते. यातल्या निम्म्या गोष्टींना इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, कर्जही काढावं लागत नाही.

माणसं पुरेशी असण्याला मात्र पैसा लागतो, हे मान्य करते. पण तो वाचवून काय होतं तेही मोजलेलं आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची माहिती तपासून २००२ मध्ये दाखवून दिलं की, एका नर्सकडे सरासरीने एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. त्याच हिशोबात नर्स आतून थकून रिकामी होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दल असमाधानी असण्याची १५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे नर्सचं समाधान आणि रुग्णाचा जीव एकाच कारणाने खाली-वर होतात. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या मापात ३० टक्के जादा नर्सेस रजा-राखीव म्हणून धरायला सांगितल्या आहेत. कुणी आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तरी पाळी उघडी पडू नये म्हणून. आमच्या रुग्णालयात रजा-राखीव म्हणजे सकाळची ड्युटी करून नुकतीच खोलीवर पोचलेली मुलगी. तिला फोन जातो, “येशील का ग, दुपारची आली नाहीये.” नाही म्हणायची तिची हिंमत नसते.

भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. ज्या वॉर्डांचं नेतृत्व चांगलं, माणसांचं एकमेकांशी जमतं, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. ज्या वॉर्डात इन्चार्जचा धाक होता तिथले कागद मात्र स्वच्छ होते.

आता आपल्याकडचे इन्सिडेंट फॉर्म काढून बघा. रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचची टीम येणार म्हटल्यावर ते भरले जातात. कुणी पडलं, कुणाची सलाईनची जागा सुजली, असे दोन-चार. चुकीचं इन्जेक्शन हातात घेतलं गेलं आणि टोचायच्या आधी लक्षात आलं, असा फॉर्म शेवटचा कधी पाहिलात? असं होतच नाही, यावर कुठल्याही सिस्टरचा विश्वास बसणार नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन व्हायल, म्हणजे इन्जेक्शनच्या बाटल्या, एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. पोटॅशियम क्लोराइडसारखं औषध, जे पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, तेही रोजच्या औषधांच्या कपाटात असतं. रात्री तीनला, सहा-सात रुग्णांच्या औषधांच्या घाईत, हात तिथे जाऊ शकतो. वेळेत लक्षात आलं की ती मुलगी काय करते? व्हायल गुपचूप जागेवर ठेवते आणि देवाचे आभार मानते. कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर मेमो मिळणार, पगार कापला जाणार, आणि मेट्रन मॅडम चार जणींसमोर नाव घेणार. म्हणून ते औषध त्याच कपाटात राहतं. दुसऱ्या रात्री दुसरी मुलगी, तेच कपाट.

६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तिथल्या कोविड रुग्णांचे जीव गेले. त्यानंतर ज्यांना अटक झाली त्यांत नर्सेस होत्या. कोण दोषी, कोण नाही, हे ठरवणं माझं काम नाही. पण त्या आठवड्यात आमच्या चेंजिंग रूममध्ये दुसरा विषय नव्हता. आगीची यंत्रणा बसवणं नर्सच्या हातात नसतं, वायरिंग नर्सच्या हातात नसतं, तरी पहिला हात आपल्याच खांद्यावर पडतो, हे तेव्हा प्रत्येकीच्या मनात बसलं. त्यावर आपल्यापैकी कुणी आपल्या स्टाफला बोलावून सांगितलं का, की आमच्याकडे असं काही झालं तर आधी यंत्रणा तपासू, मग माणूस? आमच्याकडे कुणी सांगितलं नाही. फायर एक्स्टिंग्विशर कसा वापरायचा याचं एक सर्क्युलर आलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

त्याच वर्षी एप्रिलच्या २१ तारखेला आपल्याच शहरात, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. आम्ही दुसऱ्या रुग्णालयात होतो, पण बातमी आली तेव्हा वॉर्डातल्या प्रत्येकीने आधी भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या गेजकडे पाहिलं. पुढचे कित्येक दिवस मुली दर थोड्या वेळाने उठून काटा बघून यायच्या. त्या लाटेत आम्ही पीपीई किटच्या आत घामाने भिजून उभ्या राहिलो, रुग्णांचे व्हिडिओ कॉल लावून दिले, शेवटचे श्वास बघितले. त्यावर आमच्याशी बसून कुणी बोललं नाही. २०२० मध्ये फुलं टाकली, टाळ्या वाजल्या, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण लाट ओसरल्यावर ‘तुम्ही कशा आहात’ हे रुग्णालयाने विचारायला हवं होतं. ज्या मुली २०२१-२२ मध्ये हे क्षेत्रच सोडून गेल्या, त्यांतल्या काही आज चांगल्या इन्चार्ज झाल्या असत्या.

आता ड्युटी चार्टबद्दल. हा विषय आपल्याला क्षुल्लक वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या रुग्णालयांतल्या कितीतरी मुली सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरकडच्या आहेत. घरात पहिल्यांदाच कुणी तरी शिकलेलं. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची, तीन वर्षांची फी बापाने उसनवारी करून भरलेली. चार-चार जणी मिळून मखमलाबाद नाक्याला, पंचवटीत, सिडकोत खोली घेऊन राहतात. त्यांचा पुढच्या आठवड्याचा चार्ट रविवारी रात्री ग्रुपवर पडतो आणि सोमवारी सकाळी बदललेला असतो. गावाला जायची एसटी निमाणीहून किती वाजता सुटते, सकाळची ड्युटी संपवून ती मिळेल का, हे त्यांना आधी माहीत असावं लागतं. एक दिवसाचा ऑफ ऐन वेळी हलला की आई-बापाची भेट महिनाभर पुढे जाते. आणि त्या भागात दिवाळीपेक्षा होळी मोठी. दूरदूरची माणसं होळीला गावात येतात. आपला रजेचा तक्ता दिवाळी धरून केलेला असतो. होळीला रजा मागितली की ऐकावं लागतं, “होळीला कशाला चार दिवस?” एकदा होळीच्या आधी या मुलींशी बोलून तक्ता करून बघा. दिवाळीला त्या स्वतःहून ड्युटी घेतात, हे मी आमच्या वॉर्डात करून पाहिलं आहे. मेट्रन मॅडमनी ते चालू दिलं, याबद्दल त्यांचे आभार मानते.

दुपारची पाळी रात्री आठला संपते, म्हणजे कागदावर संपते. ओव्हर देईपर्यंत साडेआठ-पावणेनऊ होतात. ओव्हर म्हणजे दोन मिनिटांची औपचारिकता असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा उभं राहून ऐकावं. कुणाची सलाईन कुठे चालली आहे, कुणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणत्या आजी रात्री पलंगावरून उतरायला बघतात, कुणाच्या मुलाला अजून निदान सांगितलेलं नाही. हे सगळं त्या अर्ध्या तासात एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातं. आपल्या मशीनवर तो अर्धा तास जादा म्हणून धरला जात नाही. उलट सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. मग ओव्हर पळत पळत होतं, आणि सांगायची राहिलेली एखादी गोष्ट रात्री रुग्णाला भोवते. पाळी आठला संपवायची असेल तर येणारीला साडेसातला बोलवा आणि तो वेळ पगारात धरा. रात्री नऊनंतर एकट्या मुलीने द्वारकेच्या चौकात रिक्षा शोधत उभं राहायचं, हेही तेवढ्याने टळेल.

नातेवाइकांचं सांगते. डिपॉझिट भरा, मेडिक्लेमची मंजुरी आली नाही, औषधं बाहेरून आणा, हे सगळे निरोप आपण सिस्टरच्या तोंडून पाठवता. ज्या मुलीने थोड्या वेळापूर्वी त्या माणसाच्या आईला कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली, तिच्याच तोंडून पैशाचा तगादा. त्या क्षणापासून तो माणूस तिच्याकडे रुग्णालयाची वसुली करणारी बाई म्हणून बघतो. पुढे काही बिनसलं की राग तिच्यावर निघतो. डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयावरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तक्रार द्यायला रुग्णालयाने पुढे व्हायला हवं. डॉक्टरांना धक्काबुक्की झाली की आपण पोलीस ठाण्यात जाता, आणि जायलाच हवं. सिस्टरचा हात पिरगाळला तर मात्र तिला समजावलं जातं, “जाऊ दे, त्यांचं पेशंट सिरीयस आहे.” बिलिंगचे निरोप बिलिंगच्या माणसाने सांगावेत आणि सिस्टरवर हात उचलणाऱ्यावर डॉक्टरांच्या वेळी होते तशीच तक्रार व्हावी, एवढी मागणी आहे.

कायद्याने जे द्यायचंच आहे त्यावर फार लिहीत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती २०१३ पासून बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं किती स्टाफला तोंडपाठ आहेत, तेवढं विचारून बघा. ५० आणि जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीने आली. वर्षाचं मूल शेजारणीकडे ठेवून रात्रपाळीला येणारी सिस्टर अर्धी वॉर्डात असते आणि अर्धी फोनमध्ये. आणि भरती करताना मुलींची मूळ प्रमाणपत्रं काढून घेऊन कपाटात ठेवायची काही ठिकाणची पद्धत आजच्या आज बंद व्हावी. कागद अडकवून थांबलेली मुलगी मनाने कधीच गेलेली असते.

मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर्सना वेगळं सांगायचं आहे, कारण त्या माझ्या आहेत. ‘आम्हीही असंच बोलणी खाऊन शिकलो’ हे वाक्य आपण आता सोडून देऊ या. नवी मुलगी सलाईनसाठी शिरेत कॅन्युला लावताना दोनदा चुकली तर तिला पेशंटसमोर ‘तुला कॉलेजात काय शिकवलं’ असं विचारून तिचा हात स्थिर होत नाही. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवायला घेतलं, तेव्हा हे काम चांगल्या घरच्या बाईचं नव्हे असं मानणारा समाज होता. त्या पिढ्यांनी हे काम प्रतिष्ठेचं केलं. ती प्रतिष्ठा आपल्याच जिभेने कमी होऊ नये. व्यवस्थापनापुढे आपल्या मुलींची बाजू मांडणारी इन्चार्ज असेल तर मुली कितीतरी गैरसोय सोसतात, हे आपण सगळ्या अनुभवाने जाणतो. आपल्यावरही वरून दबाव असतो, तोही मला माहीत आहे. पण तो जसाच्या तसा खाली ढकलणं हे आपलं काम नाही.

१२ मेला आपण नर्सेस डे साजरा करता. मेणबत्त्या लावून शपथ होते, केक कापतो, गुलाब मिळतात, फोटो निघतात. मुलींना ते आवडतं आणि ते होत राहावं. त्याच दिवशी एक तास असा द्या, की संचालक, कन्सल्टंट आणि सगळ्या पाळ्यांच्या सिस्टर एका खोलीत बसतील आणि सिस्टर बोलतील. औषधांच्या ट्रेबद्दल, रात्रीच्या फोनबद्दल, चार्टबद्दल. त्यांनी सांगितलेल्यातलं काय झालं, ते महिन्याभराने नोटीस बोर्डवर लावा. पहिल्या वेळी कुणी बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतील, आधीच्या गोष्टींचं काही झालेलं दिसलं तर.

घाई करते आहे त्याला कारण आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. पर्वणीच्या काळात गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरला केवढी गर्दी होते ते २०१५ ला आपण पाहिलं आहे. चेंगराचेंगरी, उष्माघात, जुलाब-उलट्या, हृदयाचे रुग्ण, सगळ्यासाठी शहरातल्या खासगी खाटाही तयार ठेवाव्या लागतील. त्या खाटांशेजारी उभं कोण राहणार? रजा रद्द, डबल ड्युटी, बाहेरून दोन महिन्यांसाठी आणलेल्या मुली, असा विचार चालू असेल तर तो आत्ताच थांबवा. गर्दीच्या दिवशी उपयोगी पडते ती, जी वॉर्डात मुरली आहे, जिला कपाटातली प्रत्येक वस्तू अंधारातही सापडते, आणि जी रात्री तीनला न घाबरता कन्सल्टंटना फोन करते अशी सिस्टर. ती जाहिरात देऊन मिळत नाही, आत्ता जी आहे तिलाच तसं व्हायला दोन वर्षं लागतात.

राज्यभरातल्या बीएस्सी नर्सिंगच्या बहुतेक पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात ते आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. नर्सेस का जातात याचा प्रामाणिक अभ्यास करायचा तर त्यासाठी नाशिकसारखी जागा नाही. राजीनामा दिलेल्या मुलीशी एचआरखेरीज बाहेरच्या कुणीतरी, नाव गुप्त ठेवून बोलावं, अशी सोय चार रुग्णालयांनी मिळून केली तरी वर्षभरात आपल्या हातात खरी कारणं येतील.

तोवर तीन गोष्टी मी आजच मागते. पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट २५ तारखेला लागावा आणि सिस्टरशी बोलल्याशिवाय बदलू नये. वेळेत लक्षात आलेली चूक जी सिस्टर स्वतः सांगेल तिला मेमो मिळणार नाही, असं संचालकांच्या सहीचं पत्रक प्रत्येक वॉर्डात लागावं. आणि रुग्ण बिघडतोय असं वाटल्यास सिस्टरने आरएमओंना दोनदा कळवूनही काही झालं नाही, तर तिसरा फोन तिने थेट कन्सल्टंटना करायचा, तो तिचा अधिकार आहे, हेही त्याच पत्रकात लिहिलेलं असावं. कन्सल्टंटांचा नंबर त्याखाली मोठ्या अक्षरांत छापावा.

आपल्यापैकी ज्यांना यावर बोलायचं असेल त्यांनी आपल्याच वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरपासून सुरुवात करावी. सकाळी आठच्या आधी त्या तिथेच असतात.

आपली,
एक इन्चार्ज सिस्टर, नाशिक